सबवूफरच्या बॉक्सला कार्पेट चढवताना

घरी बनवलेल्या सबवूफर बॉक्सचं सुतारकाम बऱ्याच जणांना जमतं. एमडीएफचे तुकडे दुकानातच मापात कापून मिळतात, फेविकॉल आणि स्क्रू लावले की बॉक्स उभा राहतो. फजिती होते ती कार्पेटच्या वेळी. पहिल्या दिवशी झकास दिसणारा बॉक्स एका उन्हाळ्यात कोपऱ्यांवर सुटतो, सांध्याला फट पडते आणि आतलं पिवळट लाकूड डोकावायला लागतं. डिंक वाईट निघाला असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा डिंकाचा दोष नसतो. सांधा कुठे येणार हे ठरवायच्या आधीच कातर चालवलेली असते.

एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकलेला बरा. बॉक्सला बाहेरून लावलेल्या कार्पेटने बेस सुधारत नाही. इतक्या कमी वारंवारतेच्या आवाजाला तीन-चार मिलिमीटरच्या कापडाचं काही वाटत नाही. कार्पेटचे फायदे अगदी साधे आहेत. ओरखडे लागत नाहीत, डिकीत बॉक्स खडखडत नाही, सुतारकामातले दोष झाकले जातात आणि गाडीच्या आतल्या रंगसंगतीत बॉक्स मिसळून जातो. रेग्झिनही लावतात, पण रेग्झिनखालचा प्रत्येक खड्डा आणि स्क्रूचं प्रत्येक डोकं वर उठून दिसतं. नवख्याने कार्पेटच निवडावं. ते चुका पोटात घालतं.

बोलणं नेमकं व्हावं म्हणून एक माप धरून चालू. 12 इंची स्पीकरसाठी 18 मिलिमीटर एमडीएफचा बंद बॉक्स, बाहेरून 20 इंच लांब, 14 इंच उंच आणि 12 इंच खोल. आतली जागा साधारण 40 लिटर भरते. तुमच्या स्पीकरच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. कार्पेटची रीत बदलत नाही.

कार्पेटच्या आधी

बॉक्स एकदा रिकामाच डिकीत ठेवून बघा. हॅचबॅक गाड्यांची डिकी आतून मोठी असली तरी तोंडाशी उंबरठा असतो आणि मागची सीट तिरकी असते. कार्पेट लावल्यावर प्रत्येक बाजूने तीन-चार मिलिमीटर वाढतात. जेमतेम बसणारा बॉक्स मग बसत नाही.

दुसरी तपासणी हवेची. बंद बॉक्समध्ये कोंडलेली हवा स्पीकरच्या कोनाला स्प्रिंगचं काम देते. एडगर विल्चर यांनी 1954 मध्ये हेच तत्त्व वापरून एआर-1 हा स्पीकर बाजारात आणला आणि छोट्या बॉक्समधूनही खोल बेस निघू शकतो हे दाखवून दिलं. हवा गळली की स्प्रिंग गेली. म्हणून आतल्या सगळ्या सांध्यांवर फेविकॉलची किंवा सिलिकॉनची रेघ ओढा. सिलिकॉन वापरलंत तर पूर्ण एक दिवस जाऊ द्या, त्या आंबट वासाच्या वाफा नव्या स्पीकरभोवती कोंडू नका. मग वायरिंगची तबकडी लावून स्पीकर तात्पुरता बसवा आणि कोन दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच आत दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर बॉक्स बंद आहे. चटकन उसळला किंवा कुठून फुसफुस ऐकू आली तर गळती शोधा. कार्पेट लावून गळती थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते.

आता पॉलिश पेपर. स्क्रूची डोकी पृष्ठभागाच्या किंचित खाली गेलेली असावीत. ते खड्डे लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून किंवा लांबी भरून सपाट करा. सुकल्यावर 80 नंबरचा पेपर फिरवा. सगळ्या बाहेरच्या कडा गोलसर करायला विसरू नका. राउटर असेल तर उत्तम, नसेल तर कानस आणि पेपरने पाच मिलिमीटरपर्यंत गोलाई आणा. करवतीने सुटलेली धारदार कड कार्पेटला आतून कापत राहते, शिवाय तिथे कार्पेट ताणलं जाऊन विरळ दिसतं. एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो आणि त्यात फॉर्मल्डिहाइडयुक्त रेझिन असतं, तेव्हा मास्क लावा आणि हे काम गॅलरीत किंवा अंगणात करा.

एमडीएफच्या कापलेल्या कडा डिंक शोषून घेतात. सपाट बाजूवर नीट चिकटलेलं कार्पेट कडेवर सुटतं, त्याचं हे एक कारण. कडांवर फेविकॉल बोटाने चोळून सुकू द्या, मग हलका पेपर मारा. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी तळाच्या कडांनाही हे करावंच. पावसाळ्यात ओल्या छत्र्या डिकीत पडतात, आणि पाणी प्यायलेला एमडीएफ फुगला की परत बसत नाही.

स्पीकरच्या आणि तबकडीच्या स्क्रूंची छिद्रं कार्पेटच्या आधीच ड्रिलने पाडून ठेवा. कारण पुढे येईल.

कार्पेट आणि डिंक

दुकानात नुसतं कार्पेट मागितलंत तर घरात अंथरायचं, पाठीला रबर किंवा फोम लावलेलं कार्पेट पुढ्यात येईल. ते कोपऱ्यावर वळत नाही. तुम्हाला हवं आहे ते पाठ नसलेलं, सुयांनी टोचून दाबलेल्या धाग्यांचं पातळ कार्पेट. डीजेचे स्पीकर बनवणारे वापरतात ते हेच. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कालिना-कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत चौकशी करा. इतर गावांत सीट कव्हर शिवणारा कुशनवाला गाठा. त्याच्याकडे मीटरवर मिळतं आणि उरलेला तुकडाही तो देतो. रंग गडद करडा घ्यावा असं माझं मत. काळ्यात सांधा लपतो खरा, पण आपल्याकडची धूळ त्यावर जशी दिसते तशी दुसऱ्या कशावर दिसत नाही.

मापाचा हिशेब असा. बॉक्सच्या चार बाजूंभोवती एक लांब पट्टी गुंडाळायची आणि दोन टोकांना दोन वेगळे तुकडे. गुंडाळायचा घेर 14, 12, 14 आणि 12 मिळून 52 इंच. त्यात सांध्यासाठी आणि जाडीसाठी 3 इंच धरा. पट्टीची रुंदी 20 इंच, शिवाय दोन्हीकडे दीड-दीड इंच टोकांवर वळवायला, म्हणजे 23. टोकांचे तुकडे 15 बाय 13. एक मीटर रुंदीचं कार्पेट घेतलं तर 23 आणि 15 इंच शेजारी शेजारी बसतात, म्हणून दीड मीटर पुरतं. कापण्यापूर्वी हात फिरवून लव कोणत्या दिशेला पडते ते बघा आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर खडूने बाण काढा. बाण उलटसुलट झाले तर एकाच थानातलं कार्पेट दोन रंगांचं दिसतं.

डिंकाचं उत्तर सरळ आहे. डब्यातला सिंथेटिक रबरचा डिंक घ्या, फेविकॉल एसआर 998 च्या जातीचा, सुतार सनमायका लावायला वापरतात तो. चांभाराकडे त्याच जातीच्या पदार्थाला सोल्युशन म्हणतात. पांढरा फेविकॉल इथे चालत नाही. तो पाण्यातला असतो, कार्पेटमध्ये मुरतो, तासन्‌तास सुकत नाही आणि तोवर कार्पेट सरकत राहतं. स्प्रेचे डबे सोयीचे वाटतात, पण साधे स्प्रे उन्हात मऊ पडतात. विदर्भात मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना उन्हात बंद ठेवलेल्या गाडीच्या आत 60 च्या वर पारा जाऊ शकतो. तेव्हा डब्यावर उष्णतारोधक लिहिलेलं असेल तरच स्प्रे घ्या. आपल्या मापाच्या बॉक्सला एक लिटरचा डबा घ्यावा, अर्धा लिटर अर्ध्या कामात संपतो.

हा डिंक ज्वालाग्राही द्रावकात असतो. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस, उदबत्ती, सिगारेट काहीही नको. बॉक्स गाडीत ठेवून तिथेच कार्पेट लावण्याचा शॉर्टकट कोणी सुचवला तर ऐकू नका, गाडी सीएनजीची असेल तर मुळीच नको.

सांधा

आता मूळ प्रश्न. पट्टीची दोन टोकं जिथे भेटतील तो लांब सांधा तळाला घ्या, मागच्या कडेपासून दोनेक इंच आत. बऱ्याच जणांना तो मागच्या बाजूला घ्यावासा वाटतो. पण मागची सीट पाडली की ती बाजू उघडी पडते. नेमका कडेवर सांधा घेणं सगळ्यात वाईट. कडेवर घर्षण जास्त, आणि दोन्ही टोकं वळणावर असल्यामुळे सरळ व्हायला धडपडतात. टोकांच्या तुकड्यांचे सांधे बाजूच्या सपाट भागावर, कडेपासून अर्धा-पाऊण इंच आत येतील.

एका वेळी एकच बाजू घ्या. रबरी डिंक दोन्हीकडे लागतो, लाकडाला आणि कार्पेटच्या पाठीला. लाकडावर आधी एक पातळ हात द्या आणि पूर्ण सुकू द्या, मग दुसरा. कार्पेटवर मात्र हात राखून. जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेला कातरीने दाते पाडा आणि त्याने डिंक ओढत पसरा. ब्रशने थापलेला डिंक पातळ कार्पेटमधून दर्शनी बाजूला फुटतो. तिथे कडक, चकचकीत डाग पडतो आणि तो थिनरने पुसायला गेलात तर पसरतो. पहिल्यांदा करत असाल तर एखाद्या टाकाऊ फळीवर एक तुकडा चिकटवून अंदाज घ्या.

मग थांबा. सगळं काम या थांबण्यावर अवलंबून आहे. दहा-पंधरा मिनिटांनी बोटाच्या मागच्या बाजूने डिंक टेकून बघा. चिकट लागला पण बोटाला आला नाही, तार सुटली नाही, तर वेळ झाली. उन्हाळ्यात हे लवकर होतं, पावसाळ्यात उशिरा. दमट हवेत सुकणाऱ्या डिंकावर कधीकधी दुधट साय धरते. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते, ती ही साय. तशा अवस्थेत चिकटवलेलं कार्पेट हाताने सोलून निघतं. पंखा लावून साय जाऊ द्या, तरीही जात नसेल तर डिंकाचा आणखी एक पातळ हात द्या. मुसळधार पावसाचा दिवस या कामासाठी धरूच नये.

डिंक एकदा भिडला की सरकत नाही. सनमायका लावणारे सुतार म्हणून मध्ये कागद घालतात, तेच करा. बाजूवर वर्तमानपत्र पसरा, सुकलेला डिंक कागदाला धरत नाही. त्यावर कार्पेट ठेवून खुणा जुळवा, मग एका कडेने कागद थोडा थोडा ओढत कार्पेट मधून बाहेर दाबत जा. तळहाताने दाबल्यावर लाटण्याने जोर देऊन फिरवा. कार्पेट ताणू नका. फक्त सुरकुती राहणार नाही इतपत ओढ द्या. ताणून बसवलेलं कार्पेट उन्हात आखडतं आणि पहिला बळी सांध्याचा जातो.

तळापासून सुरुवात करा. मग मागची बाजू, वरची, पुढची आणि परत तळ. पुढच्या बाजूला स्पीकरच्या भोकावरूनही कार्पेट सरळ जाऊ द्या, आत्ता कापू नका. दोन्ही टोकांकडे दीड इंच कार्पेट बाहेर लोंबत राहील. चारही कोपऱ्यांवर त्याच्यात त्रिकोणी खाच मारा, नाहीतर वळवताना गोळा होईल. खाचेचं टोक कोपऱ्याच्या दोन-तीन मिलिमीटर आधी थांबलं पाहिजे. थेट कोपऱ्यापर्यंत नेलंत तर लाकूड उघडं पडेल, आणि ते झाकायला काही उपाय नाही.

तळाच्या सांध्यावर पट्टीची दोन टोकं एकमेकांवर इंच-दीड इंच चढली पाहिजेत. सांध्याच्या दोन्हीकडचा दोन-दोन इंच भाग कोरडा सोडा, तिथे अजून डिंक नाही. कटरला नवीन पातं लावा. चढलेल्या भागाच्या मधोमध स्टीलची पट्टी घट्ट धरा आणि कटर अगदी उभा ठेवून दोन्ही थर एका फटक्यात कापा. पातं तिरकं गेलं तर वरची आणि खालची कड जुळत नाही. दोन फटके मारले तर कडेला दाते पडतात. आता वरची कापलेली फीत उचलून टाका, वरची कड उलटवून खालची फीतही काढा. उरलेल्या दोन कडा एकाच कापातून निघाल्यामुळे एकमेकींना तंतोतंत लागतात. दोन्ही कडा मागे वळवून खाली लाकडाला आणि कार्पेटच्या पाठीला डिंक लावा, थांबा, आणि आधी कडेला कड भिडवून मग बाहेरच्या दिशेने दाबा. शेवटी जुन्या टूथब्रशने सांध्यावर आडवं घासा. दोन्हीकडचे धागे एकमेकांत गुंततात आणि करड्या रंगातसुद्धा रेघ शोधावी लागते.

टोकांच्या तुकड्यांनाही हीच युक्ती. आधी वळवलेली दीड इंचाची किनार बाजूला चिकटवा, पण तिचा बाहेरचा एक इंच कोरडा ठेवा. वर टोकाचा तुकडा बाण जुळवून बसवा, त्याच्याही कडेचा दोन इंच भाग कोरडा. चारही बाजूंनी कडेपासून पाऊण इंचावर पट्टी धरून दोन्ही थर कापा, फिती काढा आणि मग डिंक लावून कडा बंद करा. प्रत्येक कापाआधी पात्याचं एक टोक मोडून नवी धार घ्या. बोथट पातं कार्पेट कापत नाही, ओढतं. इथे कंजूषपणा करणाऱ्याला सांधा आयुष्यभर माफ करत नाही.

भोकं आणि स्पीकर

स्पीकरच्या भोकावर मध्यभागापासून कडेपर्यंत पिझ्झासारखे आठ काप द्या, पाकळ्या आत वळवून भोकाच्या जाडीवर चिकटवा आणि जास्तीचं कापा. तबकडीच्या भोकाला चार पाकळ्या पुरतात. हवा जाण्याची नळी किंवा फट असलेला बॉक्स असेल तर कार्पेट तिच्या तोंडाशीच थांबवा. आतल्या भिंतींना काळा रंग द्या, कार्पेट लावू नका. त्याने फट अरुंद होते आणि सुटलेला पदर हवेच्या झोतात फडफडतो.

स्क्रूची छिद्रं आता कार्पेटखाली गेली आहेत. चांभाराच्या आरीने किंवा जाड दाभणाने टोचून ती शोधा आणि तिथे कटरच्या टोकाने छोटी फुली मारा. कार्पेटवर थेट ड्रिल कधी चालवू नका. बिटभोवती धागे गुंडाळले जातात आणि क्षणात कार्पेटमध्ये हातभर चर ओढला जातो. आधी छिद्रं पाडायला सांगितली ती याचसाठी.

बॉक्स एक दिवस उघड्यावर राहू द्या. द्रावकाचा वास पूर्ण गेल्याशिवाय स्पीकर बसवू नका, त्या वाफा कोनाच्या फोमच्या किंवा रबराच्या कडेला बऱ्या नव्हेत. स्पीकरच्या चौकटीखाली कार्पेट असल्यामुळे तिथून हवा झिरपू शकते. म्हणून चौकटीच्या पाठीला फोमची चिकटपट्टी फिरवा आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा. मग मघाचीच कोन दाबायची परीक्षा पुन्हा घ्या. पहिल्यापेक्षा कोन लवकर परत येत असेल तर गळती याच चौकटीखाली आहे.

कार्पेटवरचे बारीक सुटे धागे कातरीने उडवा, लायटरने जाळू नका. पुढे साफसफाईला व्हॅक्युम पुरतो. कधी कोपरा सुटलाच तर तेवढाच भाग उचलून, जुना डिंक खरवडून दोन्हीकडे नवा हात द्या आणि पुन्हा थांबा. वरून फेविक्विक टाकण्याचा मोह होईल. तो कडक होतो, डाग पडतो आणि शेजारून परत सुटतं.

शेवटची गोष्ट वजनाची. या मापाचा बॉक्स स्पीकरसकट सोळा-सतरा किलोंच्या घरात जातो. कार्पेट डिकीच्या कार्पेटला धरून बसतं म्हणून बॉक्स हलत नाही असं वाटतं, पण जोराचा ब्रेक लागला किंवा धडक झाली तर तो मागच्या सीटवर बसलेल्यांच्या पाठीत येतो. दोन पट्ट्यांनी किंवा लोखंडी क्लॅम्पने तो गाडीला बांधा. तळाला स्क्रू मारण्याआधी खाली इंधनाची टाकी किंवा पाइप नाही ना हे मेकॅनिककडून बघून घ्या, आणि सीएनजीचा सिलिंडर असेल तर त्याचा व्हॉल्व्ह बॉक्समागे दडवू नका. कार्पेट कितीही सुबक लागलेलं असलं तरी न बांधलेला बॉक्स घेऊन गाडी रस्त्यावर काढू नका.